प्रभाकर सरांच्या खिशावरचा डाग

माझ्या गोष्टीतली मुलगी काळी होती, गरीब होती आणि तेरा वर्षांची होती. तिच्याबद्दल मी लिहिलं होतं, "ती केळीच्या चिकासारखी. आधी कुणाच्या लक्षातही येत नाही, मग काळी दिसते, मग कशानेच जात नाही." शहरातल्या बुधवारा भागात आमची शाळा, तिच्या कथास्पर्धेत गोष्ट पहिली आली. स्नेहसंमेलनात ती मराठीचे प्रभाकर सर वाचणार होते आणि ऐकायला आमच्या निंबोला गावाहून माझी माय, सोजरबाई, येणार होती. माय दिवसभर लोकांच्या बागेत केळीचे घड वाहते. तिला वाचता येत नाही. ते वाक्य तिच्या कानावर पडावं, एवढ्यासाठीच मी सारी गोष्ट लिहिली होती.

सरांनी नेमकं तेच लाल पेनानं खोडलं. म्हणाले, मुलीला चंद्राची उपमा द्यावी, कळीची द्यावी. काळी असेल तर मेघाची, गरीब असेल तर चिखलातल्या कमळाची. शिवाय चीक पाण्यासारखा असतो, काळा नव्हे, म्हणजे उपमा खोटीच. सरांच्या घरी तीन पिढ्या कापडाचं दुकान. केळीशी त्यांचा संबंध सोलून खाण्यापुरता. मी हट्टाला पेटले.

मग सरांनी उपमा-तपासणी समिती नेमली. अध्यक्ष ते, सचिव तेच, आणि सदस्य विज्ञानाच्या लीला मॅडम, ज्यांनी न वाचता सही केली. मी गावाहून केळीच्या दांड्याचा ताजा तुकडा नेला. सरांनी तो स्वतःच्याच पांढऱ्या शर्टाच्या खिशावर टेकवला. पाण्यासारखे चार थेंब पडले. सर वर्गाकडे बघून प्रसन्न हसले.

दुसऱ्या दिवशी खिसा काळा पडला होता.

समितीनं साबण लावला, लिंबू चोळलं, रॉकेल ओतलं. शेवटी लीला मॅडमनी प्रयोगशाळेतली एक बाटली दिली, तिनं शर्टाची बटणं गेली आणि डाग राहिला. अहवाल फळ्याशेजारी लागला: 'डाग निघाल्यास उपमा खोटी. न निघाल्यास पुन्हा धुवावे. तोवर प्रकरण प्रलंबित.' तोवर संमेलन येऊन ठेपलं.

सर नवी बटणं लावून तोच शर्ट घालून आले. डाग जवळजवळ गेलाच आहे, असं ते भेटेल त्याला सांगत होते. मग त्यांनी दुरुस्त केलेली गोष्ट वाचली. तिच्यात एक चंद्रमुखी कळी डोक्यावर तीस किलोचा घड घेऊन चालली होती. माय कान देऊन ऐकत होती. मधेच वाकून तिनं मला विचारलं, "ही कोनाची पोर आहे वं?"

इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

वाचन संपल्यावर सरांनी रीत म्हणून विचारलं, पालकांपैकी कुणाला बोलायचंय का. माय उठली. गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही, तिची नजर मघापासून खिशावर होती.

"सर, आता धुनं सोडून द्या," ती म्हणाली. "केळीचा चीक आहे तो, जात नाही. मीबी लई धुतलं. लुगडं धुतलं. लहानपनी तर अंगबी घासलं, लोक काळी म्हनत म्हनून. मंग सोडून दिलं. आपलाच समजायचा."

मी भर सभेत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. सर हातातल्या कागदावर खोडलेली ओळ बघत राहिले. लाल पेन त्याच खिशात होतं, पण ते काही त्यांनी काढलं नाही.