राजपुऱ्याच्या दारातला भित्रा पाळणा

मित्रांनो, पाळणा म्हटलं की तुम्हाला अंगाई आठवत असेल. माझ्या वाट्याला घंटा आली. मी एक जुना सागवानी पाळणा आहे, बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या एका बालआश्रमाच्या दाराशी टांगलेला, आणि जन्माचा भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज थरथरला तर तुम्ही हसणार नाही.

अनंत मिस्त्रींनी मला एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या बारशासाठी घडवलं. चारी कोपऱ्यांवर त्यांनी पोपट कोरले. एका पोपटाची चोच जरा वाकडी झाली, तेव्हा ते म्हणाले की दृष्ट लागणार नाही. पण त्या घरी बाळाच्या आजोळहून चांदीच्या कड्यांचा पाळणा आला आणि मला आश्रमाला देऊन टाकलं. मुलांच्या खोलीत झुलायला मिळेल अशी माझी समजूत होती. आश्रमानं मला फाटकाजवळच्या मोठ्या कोनाड्यात टांगलं, अर्धा रस्त्याकडे आणि अर्धा अंगणाकडे. माझ्या दोरीला एक घंटा जोडली. कोणी माझ्यात काही ठेवलं की दोरी ताणली जायची, घंटा वाजायची आणि मुलांना सांभाळणाऱ्या लीलाबाई हातातलं काम टाकून धावत यायच्या.

ठेवलेलं बाळ रडलं की मला बरं वाटायचं. गप्प राहिलं की माझा जीव टांगणीला लागायचा. तसा तो टांगलेलाच होता म्हणा. दोरी तुटेल का, कुत्रं येईल का, लीलाबाई बाजारात गेल्या असतील तर काय होईल, हे सगळं मला एकदम सुचायचं. लोक मला पुण्यवान म्हणत, पाहुणे आले की संचालक माझ्यावर हात ठेवून भाषण करत आणि गोकुळाष्टमीला मला झेंडूच्या माळा घालत. मी माळेखालीही कान घंटेकडे लावून असे.

एका प्रकारच्या पाहुण्यांची मात्र मला भीती वाटत नसे. आमच्या तापीकाठी एक रीत होती. ज्या घरात मुलं जगत नसत, ते घर नव्या बाळाला टाकल्यासारखं करायचं आणि धान्य देऊन परत विकत घ्यायचं. टाकलेल्या पोराकडे मृत्यू बघत नाही, अशी समजूत. वर नावही असं ठेवायचं की मृत्यूनं तोंड वाकडं करावं. धोंडू, उकर्डा, कडू. आजूबाजूच्या गावांतल्या बाया त्यासाठी माझ्याकडे येत. बाळ माझ्यात टेकवायचं, लगेच उचलायचं, सूपभर धान्य आश्रमाच्या स्वयंपाकघरात द्यायचं आणि मागे न बघता निघायचं. लीलाबाई कपाळावर हात मारायच्या, पण धान्य घ्यायच्या. त्या बाळांची नोंद कधी व्हायची नाही, कारण ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

आता मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याचं नाव कडूच आहे. तो आज म्हातारा आहे, बहादरपूरला त्याची केळीची बाग आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे तो अजून गुलाबी मुठीचाच आहे.

आखाजीचा दुसरा दिवस होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ऐन दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक पोरसवदा बाई आली. तिच्या मनगटावर विंचवाचं गोंदण होतं. तिनं बाळ माझ्यात ठेवलं आणि घंटा वाजली. बाळ टाकून जाणाऱ्या बाकीच्या बाया घंटा वाजली की पळत. ही समोरच्या कडुलिंबाआड उभी राहिली. लीलाबाईंनी बाळ उचलून छातीशी धरलं, ते तिनं पाहिलं, तोंडात पदर कोंबला आणि मग गेली. ती पुन्हा आली नाही. इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर रंभाबाई येऊ लागली. ती बहादरपूरची सून, बाळंतपणाला चांदणी गावी माहेरी आलेली. आधीची तिची मुलं गेली होती आणि हे नवं बाळही त्याच आखाजीला गेलं. ते तिच्या आईला आणि नवऱ्याला माहीत होतं, गावाला कळवलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती चांदणीहून गाडीनं यायची, माझ्याजवळ उभी राहायची आणि आत अंगणात लीलाबाईंच्या मांडीवरच्या त्या बाळाकडे बघायची. घे म्हटलं की हात मागे घ्यायची. माझ्या हाताला लेकरू लागत नाही, हेही जाईल, असं म्हणून रडायची. लीलाबाई बाळ तिच्या मांडीवर ठेवायच्या, ती त्याला पाजायची, पण हात जमिनीवर टेकलेले ठेवायची. उन्हाळा सरला, निम्मा पावसाळाही असाच गेला.

शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनीच युक्ती काढली. आपली रीत करू, म्हणाल्या. रंभाबाई सुपात दादर घेऊन आली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. लीलाबाईंनी बाळ माझ्यात ठेवलं आणि घंटा वाजली. बाळ टाकलेलंच होतं, तरी त्यांनी ते पुन्हा टाकल्यासारखं केलं. रंभाबाईनं मोठ्यानं विचारलं की हे कडू पोर कोणाचं, आणि डोळे मिटून उचललं. पाळणा रिकामा राहिला तर अपशकुन व्हायचा, म्हणून सुपातली दादर तिनं बाळाच्या जागी माझ्यात ओतली. ती गेल्यावर लीलाबाईंनी दाणे भरून नेले. माझ्या फटींत शिरले ते राहिले. पुढे मला निळा ऑइलपेंट दिला, तेव्हा ते त्याखाली गाडले गेले.

गावात रंभाबाईनं सांगितलं की पोटचं पोर आश्रमाच्या पाळण्यात टाकलं आणि उभ्या उभ्या सूपभर दादर देऊन परत घेतलं. कोणाला शंका आली नाही, नाव कडू होतं ना! पण राजपुऱ्यातून जाताना ती पोराच्या तोंडावर पदर ओढायची. कोणी ओळखेल आणि परत मागेल, या धाकात ती जगली. मी तिला पदराआडून चालताना पाहायचो आणि तिच्या भीतीनं मीही कुरकुरायचो.

वर्षं गेली. लीलाबाई गेल्या, रंभाबाई गेली. बाळं दारात ठेवायची पद्धत बंद झाली, मुलंही दुसऱ्या संस्थेत हलवली. मला मोडक्या बाकांच्या खोलीत टाकलं. तिथे वाळवी होती. तिचा कुरतडण्याचा आवाज ऐकत पडून राहायचं म्हणजे काय, ते लाकडालाच विचारा. भंगारवाला दोनदा येऊन माझी कडी वाजवून गेला.

आणि मग मागच्या फाल्गुनात भूमिका आली. ही कडूची नात, बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत शिकवते. आखाजीला सगळं कुळ जमणार होतं, म्हणून ती घराण्याचा वृक्ष काढत होती. आजोबांना टाकून परत उचलल्याची गोष्ट तिची फार लाडकी होती आणि तिला आश्रमाच्या दप्तरातून त्याचा पुरावा हवा होता. आश्रमाचं काम आता प्रतिभाताई बघतात. त्यांनी सांगितलं की असे कागद दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाहीत. ज्याचे असतील त्यानं स्वतः येऊन अर्ज द्यायचा.

कडूला आणायला तिला बरेच दिवस लागले. आज केळीची गाडी भरायची आहे, उद्या गुडघा दुखतो, असं करत म्हातारा टाळत होता. शेवटी आला, तेव्हा माझ्या खोलीसमोरच्या कचेरीच्या खिडकीतून मला तो दिसला आणि त्याचा आवाज ऐकू आला. सही करताना तो विचारत होता की काही सापडलं नाही तर चालेल का. ज्याला लहानपणी पदराआड झाकून नेलं, त्याला पदर कशाला होता हे कधीतरी वाटलं असणारच. आईला विचारायचा त्याला धीर झाला नव्हता. मी भिंतीला टेकून थरथरत होतो, कारण त्या इमारतीत खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

प्रतिभाताईंनी नोंदवही काढली. पानाची कड वाळवीनं खाल्ली होती. मुलगा, काही दिवसांचा, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाळण्यात मिळाला. आईचं नाव माहीत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बहादरपूरच्या रंभाबाईंना दिला. भूमिका आनंदानं उभीच राहिली.

"आबा, एंट्री मिल गई! मी म्हटलं होतं ना, आपली गोष्ट सच्ची आहे?"

 मग प्रतिभाताईंनी हळूच सांगितलं, की रीत म्हणून टाकलेल्या बाळांची नोंद होतच नसे. नोंद आहे याचाच अर्थ वेगळा. भूमिकेनं ती दोन सणांची नावं पुन्हा वाचली आणि तिचा चेहरा उतरला. आखाजी ते पोळा म्हणजे जवळजवळ चार महिने. त्याला उभ्या उभ्या म्हणत नाहीत.

कडूनं स्वतःचे तळवे उलगडून पाहिले.

"मंग मी इतकी सालं कोनाची घागर भरली, ताई?" तो म्हणाला. "नी जिची भराची होती, ती तशीच तहानेली राहिली का?"

भूमिका रडू लागली. आपण हे का उकरलं, आता घरी काय सांगायचं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला आजोबा हातचे जातील असं वाटत होतं. कडूनं तिला जवळ घेतलं नाही, इतका तो स्वतःच घाबरला होता. मग त्यानं विचारलं की तो पाळणा आहे का अजून.

माझ्या खोलीचं दार उघडलं. तो माझ्यापासून हातभर दूर थांबला, जसं काही मी चावणार होतो. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच सगळं सांगितलं असतं. लिंबाआडची विंचवाच्या गोंदणाची बाई, महिनोन्महिने जमिनीवर टेकलेले रंभाबाईचे हात, सगळं. मला फक्त कुरकुरता येतं. त्यानं वाकड्या चोचीच्या पोपटावर हात ठेवला. मग शेतकऱ्याच्या सवयीनं अंगठा फटीवरून फिरवला. एका जागी रंगाला फुगवटा होता. त्यानं नखानं खरवडलं, निळा पापुद्रा उडाला आणि त्याच्या तळहातावर एक वाळलेला दाणा पडला. त्यानं तो खिडकीपाशी नेऊन निरखला.

"दादर हाय," तो म्हणाला.

भूमिकेनं डोळे पुसले. "म्हणजे मोठी आई सूप घेऊन आली होती, आबा. वो बात तर झूठ नाही ना?"

"खोटं नाय बोलली ती. अर्धं बोलली. भेव वाटलं असंल तिले." मग दाणा मुठीत धरून तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. नातीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो त्यानं ठेवू दिला.

आखाजी जवळ आली तशी त्याला नवी भीती पडली. रंभाबाईची घागर तर तो भरणारच होता; तिनं दादर मोजून त्याला आपला केला होता. पण त्या दुसऱ्या बाईचं काय? तिचं नाव नाही, गाव नाही. त्यातून ती जिवंत असली तर? जित्या माणसाच्या नावानं घागर भरणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. हे विचारायला तो प्रतिभाताईंकडे आला. तिथून उठून तो माझ्यापाशी येऊन बसला आणि बसल्या बसल्या त्याला सुचलं.

आखाजीच्या सकाळी घरी रंभाबाईची घागर भरून तो राजपुऱ्यात आला. सोबत नवी मातीची घागर होती आणि भूमिका होती. त्यांनी मला जुन्या कोनाड्यात नव्या दोरांनी टांगलं, झुलू नये म्हणून खाली विटा रचल्या. घंटाही पुसून बांधली. भूमिकेनं घागरीवर डांगर ठेवायला काढलं, तर त्यानं ते कापून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायला सांगितलं आणि घागरीवर पितळेचा पेला उपडा घातला.

"येनाऱ्या-जानाऱ्याले पानी," तो म्हणाला. "असली, तं तिनं प्यावं. नसली, तं तिले पोचावं."

मग त्यानं भरलेली घागर उचलून माझ्यात ठेवली. मित्रांनो, भरलेल्या घागरीचं वजन हातावरच्या बाळाएवढं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझं अंग जुन्या सवयीनं आकसलं. घंटा वाजली. आतून प्रतिभाताई धावत आल्या आणि दारात कडूला बघून थांबल्या.

भूमिकेनं वृक्षात रंभाबाईच्या शेजारी एक गोल रिकामा काढला आहे. तो बघून काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, म्हणतात. मुरडू देत. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. ज्याची गोष्ट असेल त्याला ती पूर्ण सांगा आणि त्याचे कागद वाळवीच्या हाती देऊ नका. नाहीतर लेकरं म्हातारी होईपर्यंत पदराआड राहतात.

मी अजूनही भित्राच आहे. कोणी पेल्यानं पाणी काढलं की दोरी हलते, घंटा वाजते आणि मी दचकतो. उन्हाच्या वेळी एखादी म्हातारी काठी टेकत येते, पेल्याकडे हात पुढे करते, आणि मी आधी तिचं मनगट बघतो.