सही करून बघ

पहिल्या पेनाने केलेली सही वाळायच्या आत कागदावर उठून बसली. तिने पाय खाली सोडले, काउंटरवरून उतरली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन टेकली. ती हेमलता होती. तीच साडी, तोच चष्मा, भुवईवर तोच लहानपणचा व्रण. फक्त सगळी निळी होती आणि कडांना अजून ओली होती.

"दादा," ती म्हणाली, "कुठे सही करू तेवढं सांग."

जिने ती सही केली ती हेमलता एका हातात पेन नि दुसऱ्या हातात टोपण घेऊन काउंटरपाशी उभी होती. तिला नवल वाटायला हवं होतं. पण नवल वाटायला सवड लागते, आणि तिच्या मनात संताप आधीच ठाण मांडून बसला होता. एस.टी.तून उतरल्यापासून तो तिच्याबरोबर होता.

"हे काय आहे, दादा?"

"तुझी सही." विद्याधर स्टुलावरच्या बाईकडे कौतुकाने बघत होता. "झकास आली. निब कशी वाटली?"

"खरखरते. ही कोण आहे?"

"सांगितलं ना, तुझी सही."

मिरजेतलं हे दुकान त्यांच्या बाबांचं. बाबा गेल्यावर ते निम्मं विद्याधरचं झालं नि निम्मं हेमलताचं, आणि ही गोष्ट विद्याधरला कधी मनापासून पटली नाही. लोकांच्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, साडीचोळी घेतात, डोळे पुसतात आणि भाऊबीजेला पुन्हा हसत येतात. हेमलताने मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की मला माझं निम्मं हवंय, रस्त्याकडचं. लग्नाआधी ती तिथेच बाबांशेजारी बसून लोकांच्या वाकड्या निबा सरळ करून द्यायची. आता पोरं मोठी झाली होती, कराडच्या घरात तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं आणि तिला तिथे परत बसायचं होतं. ती काही मागत नव्हती. ते तिचंच होतं.

त्यावर विद्याधरने चार दिवसांनी फोन केला. "अगं, वाद राहू दे. नवीन शाईपेनं आलीयत, वापरा नि फेका. शाई आतच असते, संपली की पेन टाकून द्यायचं. दुकानात ठेवू का नको, तू येऊन बघ. तुझ्याइतकं कळतं कुणाला?" ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं अशीच गोड बोलतात, हे हेमलताला ठाऊक होतं. तरी ती आली. कौतुक म्हटलं की भली शहाणी माणसंही पाघळतात, आणि माहेरच्या कौतुकापुढे तर विचारूच नका.

शिवाय बाबांची शिकवण होतीच. पेन बघायचं तर आपल्या सहीने बघायचं. रेघोट्या कुणीही ओढतं, सही करताना हात खोटं बोलत नाही. तेव्हा विद्याधरने पॅड पुढे सरकवून "सही करून बघ" म्हटल्याबरोबर तिने पेन उघडून सही केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ही हक्क सोडायला तयार आहे," विद्याधर म्हणाला. "बघ, मुळात तुझं मन किती मोठं आहे."

"ती मी नाही."

"मग दुसरी काढ. डबा भरलेला आहे."

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक आहे, ती मनात म्हणाली, पहिली सही मी सवयीने केली, म्हणून ती अशी बावळट निघाली. आता रागाने करते. मग जी उठेल ती ह्याच्या तोंडावर नाही म्हणेल, आणि मला मजा बघायला मिळेल.

तिने दुसरं पेन उघडलं आणि दातओठ खात सही केली. निब कागदात रुतली, शेवटच्या रेघेला कागद टरकन फाटला. उठलेल्या बाईचा पदर खांद्यावर तेवढाच फाटलेला होता.

"मी भांडायलाच आले होते," ती बाई म्हणाली. विद्याधरने भुवया वर केल्या. "पण जाऊ दे. बाबा असते तर त्यांना आवडलं नसतं."

आणि ती पहिलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पहिलीने तिला स्टुलावर अर्धी जागा करून दिली.

"एवढ्या स्वस्तात राग कुठून येणार, हेमे?" विद्याधर समजुतीच्या सुरात म्हणाला. "शाई पातळ असते ह्यांची."

तिने तिसरं उघडलं. या खेपेला लग्नाआधीची सही केली, हेमलता गुळवणी, शाळेत करायची तशी, खाली दोन रेघा मारून. दोन वेण्या घातलेली मुलगी उठली, धावत जाऊन विद्याधरच्या हाताला लोंबकळली आणि म्हणाली, "दादा, तुला काय हवंय? माझं सगळं घे, पण मला सायकलवर डबलसीट ने." विद्याधरच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. हेमलताला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या पाण्याची. तो लबाडीने रडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मग तिने सासरच्या नावाने पूर्ण सही केली, मागे सौ. लावून. ही बाई उठताना पदर सावरत उठली. "माझं काय आहे आता इथे?" ती म्हणाली. "दिल्या घरी सुखी आहे मी. ह्यांना विचारलं, ते म्हणाले, तुझं नि भावाचं तू बघ. मी बघितलं. देऊन टाकते."

"गप्प बस!" हेमलता ओरडली.

"बसते की," सौ. म्हणाली आणि बसली.

मग हेमलताने मागेपुढे पाहिलं नाही. एक पेन उघडायचं, सही करायची, बाई उठायची, नाही म्हणायची नाही. एकीला भाऊबीज तुटायची भीती होती. एकीला शेजारीपाजारी काय म्हणतील याची. एकीने विचारलं, दादाचा बीपी वाढला तर? एका पेनाची शाई मधेच अडली, त्यातून तोंड न उमटलेली बाई उठली. तिला बोलता येईना, मान मात्र ती बरोबर उभी हलवत होती. आणि यातलं एकही वाक्य हेमलताला नवीन नव्हतं. सगळी तिचीच होती, रात्री कूस बदलताना, भांडी घासताना, कधी ना कधी तिच्याच मनात येऊन गेलेली. आपलेच दात नि आपलेच ओठ. कुणाला चावणार?

दुकान लहान, बायका पुष्कळ. त्या काउंटरच्या आत शिरल्या, कपाटांना पाठी लावून उभ्या राहिल्या, रस्त्याकडच्या जागेत तर उभं राहायलाही फट उरली नाही. कुणी हेमलताला ढकललं नाही. प्रत्येकीने फक्त "जरा सरकता का" म्हटलं, आणि हेमलता सरकत सरकत दाराच्या उंबऱ्याशी आली. पेनांचा डबा तिच्या बगलेत होता. आतलं शेवटचं पेन खुळखुळत होतं.

मागच्या दाराने वहिनी आली. तिच्या हातात ताट होतं, ताटात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ आणि खणांची चळत.

"अगं बाई, किती जणी," वहिनी म्हणाली. "एकाच रंगाचे खण आणलेत हो, रुसू नका कुणी."

ती एकेकीची ओटी भरू लागली. ओल्या पदरात पडताच तांदूळ निळे होत होते. बायका वाकून नमस्कार करत होत्या आणि वहिनीच्या पायावर निळे ठसे उमटत होते. वहिनी दारापर्यंत आली, हेमलताकडे बघून थबकली आणि ताट मागे घेतलं.

"वन्सं, तुमचं आधी ठरू दे," ती म्हणाली. "द्यायचं नाही तर ओटी कशी भरायची? तसली रीत नाही आपल्यात."

"मला नको तुमची ओटी."

"मग बरं झालं. खण पुरले नसतेच."

तेवढ्यात सावर्डेकर वकील आले. हक्कसोडपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. असं काही ते रोज बघत असावेत.

"यातल्या हक्क सोडणार कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले.

"आणि नाही कोण म्हणतंय?"

"मी," हेमलता दारातून म्हणाली. "हेमलता मी आहे. ह्या सगळ्या माझ्या सह्या आहेत. मी पेनं बघत होते."

"हेमलता मीही आहे," स्टुलावरची म्हणाली. मग दुसरी म्हणाली, मग सौ. म्हणाली. वेण्यावालीने उडी मारून म्हटलं. तोंड नसलेलीने मान हलवली.

"असं आहे, बाई," वकील हेमलताला म्हणाले, "ह्या एका मताच्या आहेत, तुम्ही एकट्या वेगळ्या. मूळ कोण, हे ठरवायला एकच मार्ग. सही करा. सही जुळली तर तुमचं म्हणणं मान्य."

"पेन आहे तिच्याकडे," विद्याधर लगेच म्हणाला. "शेवटचं आहे. चांगलं निघेल."

हेमलताने डब्यातल्या पेनाकडे पाहिलं. सही केली तर आणखी एक उठणार आणि हो म्हणणार. नाही केली तर ती हेमलता नाही. हे विद्याधरने आधीपासून ठरवून केलं, की त्याला अशी गंमत आयती सापडली, हे तिला कळेना. आणि खरं सांगायचं तर त्याने फारसा फरकही पडत नव्हता. आयतं सापडलेलं विद्याधर कधी परत करत नसे.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"मग विषय मिटला." वकिलांनी पिशवीतून कागद काढून काउंटरवर पसरला. "या, तुमच्यापैकी कुणीही एक या. पेन नको, तुमचं बोट चालेल."

स्टुलावरची उठली. तिने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. त्याच्या टोकावर शाईचा थेंब धरत होता.

हेमलता बायकांमधून घुसली. आता ती सरकली नाही, तिने सरकवलं. ढोपरं मारली, केस ओढले, आपल्याच पाठीत आपल्याच हाताने धपाटे घातले. ती स्टुलावरच्या बाईपाशी पोचली, आपला पदर खसकन ओढून तो तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला कवेत घेऊन आवळलं. जितका राग होता तितक्या जोराने आवळलं. ती बाई पदरात झिरपली. जाता जाता कानाशी म्हणाली, "कुठे सही करू?" आणि संपली. साडीवर हाताएवढा निळा डाग राहिला.

"अहो, काय करताय?" वकील म्हणाले.

"टिपतेय," हेमलता म्हणाली.

तिने फाटक्या पदराची टिपली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती टिपली, दादाचा बीपी टिपला. कुणी पळालं नाही. त्या पळणाऱ्यांतल्या नव्हत्याच. सौ. स्वतःच पुढे झाली आणि "बरं तर, जाते" म्हणाली. तोंड नसलेली पदरात शिरतानाही मान हलवत होती. ओटीतले नारळ धडाधड फरशीवर पडत होते, वहिनी ते गोळा करत होती. वेण्यावाली विद्याधरच्या मागे लपली, तेव्हा हेमलताने त्याच्या शर्टावरून हात घालून तिला बाहेर ओढलं. तिला आवळताना मात्र हेमलताचे हात क्षणभर सैल पडले. ती लहान होती आणि तिच्या केसांना शाळेचा वास येत होता. मग तिने तिलाही टिपलं.

दुकान मोकळं झालं. रस्त्याकडच्या जागेत ऊन पडलं होतं. हेमलता तिथे जाऊन उभी राहिली. साडी गळ्यापासून घोट्यापर्यंत गच्च निळी झाली होती आणि ओल्या गोधडीसारखी जड लागत होती.

"आता एकच उरल्या," वकील म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे सोपं झालं. सहीची गरज नाही. तोंडी सांगा, बाई. हक्क सोडता की नाही?"

शाई साडीत थांबली नव्हती. ती कातडीतून आत गेली होती. हेमलताला ती पोटात जाणवली, मग छातीत. ती वर चढत होती, आणि तिच्यात त्या सगळ्या होत्या, एकीचं वाक्य दुसरीत मिसळत होतं. सगळ्यांच्या खाली हेमलताचा राग होता, मूळचा, दाट, एकटा. त्याच्याकडे सांगण्यासारखा एकच शब्द होता आणि तो त्या बायकांना ढकलत वाट काढत होता.

"बोल, हेमे," विद्याधर म्हणाला. "काय ते एकदा बोलून टाक."

शाई गळ्याशी आली. मग जिभेवर आली. ती कडू होती. हेमलताने ओठ घट्ट मिटले आणि गाल फुगले. दातांच्या आतून कुणीतरी बाहेर येऊ बघत होतं. कोण, ते तिला चवीवरून ओळखता येईना.

वकील पुढे झाले. त्यांनी हक्कसोडपत्र दोन्ही हातांनी सपाट धरलं आणि हळूच, एकही सुरकुती पडू न देता, तिच्या हनुवटीखाली नेलं.