मोरीवरचं अळू

"आधी पातेलं पुसून घे बाय, मंग पानी," विठाबाई गाडीच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली.

आत भावना तेलकट पातेलं तसंच नळाखाली धरून उभी होती. ती ओशाळून हसली आणि रद्दीचा कागद शोधू लागली. ही गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याची, राजरत्नची, जुनी हौस. तो उल्हासनगरला वीज कार्यालयात, ती अंबरनाथच्या एका दवाखान्यात नर्स. लग्नाचं वऱ्हाड नेणारी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याने उल्हासनगरातल्याच एका गॅरेजात तिचं घर करून घेतलं होतं. पलंग, ओटा, गॅस, बेसिन, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून बसता येईल एवढासा संडास. उल्हासनगरात काय बनत नाही म्हणा! फक्त गाडीतलं सांडपाणी शेवटी ओतायचं कुठे, याचं उत्तर तिथल्या कारागिरालाही बनवता आलं नव्हतं. बेसिनचं पाणी गाडीखालच्या टाकीत साठायचं, संडासाचं एका बंद डब्यात, आणि दोन्ही भरले की सहलीची मजा संपली. म्हणून तर अशा गाड्यांवाले लोक हल्ली एकमेकांना चामटोलीच्या विठाबाईच्या वाडीचा पत्ता देत.

वाडीत मुक्काम करायचा तर विठाबाईचे नियम पाळायचे. खरकटं आणि तेल आधी पुसायचं, मग राखेने घासायचं. राख ती स्वतः देई. फिनेल, ॲसिड गाडीतून खाली उतरवायचं नाही. बेसिनचं पाणी पाइपाने तिच्या मोरीला सोडायचं. संडासाचा डबा मात्र ज्याचा त्याने उचलायचा आणि वाडीच्या टोकाला दोन खड्ड्यांचा संडास होता, त्यात नेऊन ओतायचा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यात पुढे चांगलं काळं खत होई. फिनेलला बंदी होती ती याचसाठी, कारण खत करणारे किडेच त्याने मरतात. मागे एका साहेबांनी डबा बघून विचारलं होतं, हे न्यायला कोणी माणूस नाही का? विठाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "मंग तुमी कोन हाव?" साहेब मुकाट्याने डबा घेऊन गेले होते.

राजरत्नला काल संध्याकाळी हा नियम सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, "मावशी, दुसऱ्याने उचललेला मलाच चालला नसता." हे बोलणं विठाबाईला इतकं आवडलं की तिने त्या दोघांना पाहुण्यांच्या कपांतून चहा दिला. आज मात्र सकाळपासून तिचं बिनसलेलं होतं, आणि त्यात भावनाच्या पातेल्याचा काही दोष नव्हता.

उद्या किर्तीचं लग्न होतं. किर्ती ही विठाबाईच्या चुलतदिराची, जनूची मुलगी. घर हाकेच्या अंतरावर. मांडव पडला होता, हळदीचं दळण झालं होतं, आणि जनूची बायको गोदू अजून नारळ घेऊन विठाबाईच्या मोरीवर आली नव्हती.

त्या आळीत ही जुनी पद्धत. लग्नाच्या जेवणात अळूचं फदफदं हवंच, आणि माघ-फाल्गुनात रान वाळून कोळ झालेलं असताना अळू हिरवं राहतं ते फक्त मोरीवर. म्हणून लग्नघरची बाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन विठाबाईच्या घरी यायची, "मोरीवरचं अळू दे" म्हणायची, आणि पहिलं पान स्वतः कापायची. असं मागितलं जाण्याचा हा मान विठाबाईच्या सासूचा होता, आणि सासूमागे तिचा. कुणाला मुहूर्तमेढेचा मान असतो, कुणाला करवलीचा. विठाबाईच्या वाट्याला अळूचा आला होता, आणि तिला तो कुणाहूनही कमी वाटला नव्हता.

गाड्यांचा उद्योग सुरू केला तो तिच्या मुलाने, सुजितने. आजूबाजूच्या जमिनी बंगलेवाल्यांना गेल्या, खरवईच्या इमारती वाडीतून दिसू लागल्या, तेव्हा त्याने मोबाइलवर कुठे तरी असल्या गाड्या बघितल्या आणि आंब्याखालची जागा साफ केली. पहिलीच गाडी आली ती पहाटे ओढ्याला पाइप सोडून निघून गेली. विठाबाई म्हशी घेऊन पाण्यावर गेली तर ओढ्यावर पांढरा फेस, आणि म्हशी नाक मुरडून काठावर उभ्या. त्या दिवशी ती सुजितला एवढं बोलली की त्याने हा धंदाच सोडायची भाषा केली. मग तीच म्हणाली, धंदा सोडायचा नाही, पाण्याला वाट द्यायची. तिच्या सासूने जी वाट दिली होती तीच, फक्त जरा लांब. नवरा किसन अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला कंजूष पण हातांनी उदार. त्याने खरवईच्या बांधकामांवरून विटांचे तुकडे आणि खडी आणून चर भरला. चरात कर्दळ लावली, पुढे केळी, आणि शेवटी अळू. गाडीतून गढूळ निघालेलं पाणी कर्दळीतून पाझरत अळवापर्यंत येई तोवर त्याला वाससुद्धा राहत नसे. त्या पाण्यावर अळू असं माजलं की एकेक पान सुपाएवढं. विठाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावरून हाक मारून ते दाखवी. तिला गर्व झाला होता असं म्हटलं तरी चालेल, आणि तो तिला शोभत होता.

गावाला मात्र हे पचेना. कुणी म्हणे, शहरवाल्यांच्या संडासावर भाजी पिकवतात. संडास एका टोकाला आणि अळू दुसऱ्या टोकाला, हे डोळ्यांनी बघणाऱ्यालाही ऐकलेलंच खरं वाटे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मोरीवरचं अळू खाऊन वाढल्या, त्यांना आता मोरीची किळस येऊ लागली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तशी आपली ती मोरी आणि दुसऱ्याची ती घाण! जनूने चार दिवसांमागे पारावर किसनला गाठून सांगितलं होतं की अळू कल्याणच्या बाजारातून येणार आहे. किर्तीचं सासर पालेगावचं, मोठी माणसं, उगाच कुणी नाव ठेवायला नको. आणि जाता जाता म्हणाला होता, "कोणाकोणाचं पानी येतं दादा तुमच्याकडं, काय ठाव."

किसनने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आज सकाळी बायको लग्नघरी भाजी निवडायला निघालेली बघून तो म्हणाला, "नको जाऊस. त्यांनी मान ठेवला नाय तुजा."

"लगीन किर्तीचं हाय," विठाबाई म्हणाली, "माजं नाय." किर्तीच्या जन्मानंतर गोदू अंथरुणाला खिळली होती आणि ते पोर पहिला पावसाळाभर विठाबाईच्या कुशीत झोपलं होतं. ती पदर खोचून गेली.

मांडवात बायका कोंडाळं करून बसल्या होत्या आणि मध्ये बाजारच्या अळवाच्या जुड्यांचा ढीग. विठाबाईने एक जुडी ओढली. हे रुळांकडेच्या गटारावर वाढलेलं नाही कशावरून, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण लग्नघरी तोंड कडू करायचं नाही म्हणून तिने ते गिळलं आणि देठ सोलायला घेतले. थोड्या वेळाने एकेक बाई मनगट चोळू लागली. कुणी खोबरेल मागवलं, कुणी चिंचेचं पाणी. हातांना असं खाजवतंय तर उद्या पालेगावकरांच्या घशाचं काय होणार, हे न बोलता सगळ्यांना कळलं. शेवटी जनूची म्हातारी आत्या द्रौपदी सगळ्यांच्या मनातलं बोलली. "विठे, तुज्या अळवाला कदी हात नाय खाजला गो."

सगळ्यांच्या नजरा विठाबाईकडे गेल्या. आत्ता एक शब्द टाकला असता तर डाव तिचा होता. गोदू मान खाली घालून तोच तोच देठ सोलत होती. विठाबाईने तिच्याकडे बघितलं, आणि तिला एकदम तिची कीव आली. उद्या हिची मुलगी जाणार आहे, आणि आज हिला अळवाचा घोर.

"चिंच वाढीव टाका," विठाबाई म्हणाली. "आन गूळ. रटरटा शिजू दे बराच येळ, खाज मरते." स्वतःच्या अळवाचं तिने नावही घेतलं नाही. ढीग संपेपर्यंत ती देठ सोलत राहिली, मग तेल लावलेले हात पुसून घरी निघाली. मान मागून घेतला की तो मान राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बांधावर आल्यावर तिला रडू आलं. ते तिथेच पुसून ती वाडीत शिरली.

दुपार कलली तेव्हा भावना जेवणाची भांडी धूत होती आणि गाडीखालच्या पाइपातून चरात पाणी पडत होतं. सुजितने बांधाकडे बघितलं आणि तो लगबगीने आईजवळ आला. गोदूकाकी येत होती. हातात ताट, ताटात नारळ.

"आई, थोडा वेळ पाणी बंद करायला सांगू का त्यांना?" त्याने हळूच विचारलं. "समोर वाहताना दिसलं तर काकी परत फिरेल."

भावनाने ते ऐकलं. कुणी काही सांगायच्या आत तिने नळ बंद केला. "राहू दे मावशी, मी नंतर धुते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. अशा वेळी बाजूला व्हायचं असतं, हे तिला लहानपणीच कळलेलं असावं. गाडीच्या पुढच्या काचेशी बाबासाहेबांचा छोटासा फोटो होता आणि बाहेर तिथेच राजरत्न घडीच्या खुर्चीवर बसला होता. तो उठून उभा राहिला.

विठाबाईला क्षणभर मोह झाला. घटकाभराचा तर प्रश्न होता. पाणी थांबेल, गोदू नारळ वाढवेल, पान कापेल, सासूपासूनचा मान घरात राहील, आणि गावाचंही तोंड बंद. मग तिने भावनाकडे बघितलं. राखेने घासलेलं पातेलं हातात धरून ती खिडकीपासून मागे सरत होती, आणि ते बघून विठाबाईला स्वतःचाच राग आला.

"का म्हनून नंतर?" ती म्हणाली. "तुजी भांडी तू धू बाय. चालू दे पानी."

भावनाने नळ सोडला. पाइपाला पुन्हा धार आली.

गोदू येऊन चराशी थबकली. तिने पाइपाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, काचेतल्या फोटोकडे आणि खिडकीतल्या भावनाकडे बघितलं. ती न्याहाळत होती आणि विठाबाई तिला न्याहाळू देत होती. मग गोदू खालच्या आवाजात म्हणाली, "वैनी, मोरीवरचं अळू दे."

"कोणाकोणाचं पानी हाय ते," विठाबाई म्हणाली. "नीट बघून घे. मागनं बोल नको मला."

गोदू चराच्या कडेकडेने कर्दळीपासून अळवापर्यंत चालत गेली. शेवटच्या आळ्याशी ती वाकली, ओल्या मातीला हात लावला, हात नाकाशी नेला.

"बघितलं," ती म्हणाली.

तिने केळीच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, दगडावर नारळ वाढवला आणि विठाबाईच्या हातून विळा घेऊन पहिलं पान कापलं. पुढची पानं दोघींनी मिळून कापली. निघताना भारा डोक्यावर घेऊन गोदू गाडीपाशी थांबली. तिने नारळाचा एक तुकडा खिडकीतून भावनाच्या हातात दिला आणि उद्या दोघांनी जेवायला यायचं असं सांगितलं. भावना म्हणाली, उद्या ड्युटी आहे, पण बघते. गोदू गेल्यावर तिने दवाखान्यात मैत्रिणीला फोन लावला आणि ड्युटी बदलून घेतली.

बाजारचं अळू त्या रात्री जनूच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात गेलं. आचाऱ्याने विठाबाईचं चिरलं, त्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातले, आणि दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर पंगती बसल्या. विठाबाई बायकांच्या पंगतीत होती, शेजारी भावना, समोरच्या रांगेत नवरानवरी आणि पालेगावची मंडळी. जनू फदफद्याचं भांडं घेऊन फिरत होता आणि गोदू त्याच्या बरोबरीने वाढत होती. किर्तीच्या सासूने दुसऱ्यांदा घेतलं, बोट चाटलं आणि जनूला विचारलं की एवढं कोवळं अळू या दिवसांत आणलं कुठून.

जनू भांडं धरून नुसता उभा राहिला. एवढ्या दिवसांची त्याची सगळी भीती ती हीच होती.  विठाबाईचा हात पानावर थांबला.

"आमच्या विठावैनीच्या मोरीवरचं," गोदू म्हणाली. "तिच्याकडं गाड्या येतात मुक्कामाला. त्यांच्या पान्यावरचं हाय."

एवढं बोलून तिने नवऱ्याच्या हातातल्या भांड्यातून डाव भरला आणि किर्तीने नको म्हणायच्या आत तिच्या पानात वाढला, आणि मग जावयाच्या. किर्ती भाताबरोबर कालवून खाऊ लागली. सासूबाईंनी एकदा गोदूकडे आणि एकदा विठाबाईकडे बघितलं, आणि त्यांचं पान तर आधीच निम्मं संपलेलं होतं.

विठाबाईने पदर सावरला, पाठ सरळ केली आणि वाढप्याला हाक मारून भावनाच्या पानात फदफदं वाढायला सांगितलं. मग ती सावकाश जेवू लागली.