कीथ अंकलच्या रकान्यातली एकच ओळ

२००४च्या नोव्हेंबरात आखातातल्या आमच्या वसईकर मंडळाच्या अध्यक्षपदाला दोघं उभे राहिले, आणि दोघांची तुलना करणारा तक्ता बनवायचं काम मी मागून घेतलं. मी दहावीत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आलेली. तेव्हा मला कुणी नको म्हटलं असतं तरी मी केलंच असतं.

मॅक्सिम अंकलचा भर शिक्षणावर. इथेच अल खौदला इंजिनिअरिंग एन्ट्रन्सचे क्लास सुरू करू, म्हणाले. कीथ अंकलचा आरोग्यावर. व्हिसा रिन्यू करायच्या आधी प्रत्येक कामगाराची छाती आणि रक्त ओळखीच्या डॉक्टरांकडून गुपचूप तपासून घेऊ, म्हणाले.

मी कुणाच्या बाजूची हे सांगायला नको. क्लास नसेल तर बोर्डाची परीक्षा झाल्यावर मला वसईला आत्याकडे पाठवणार होते. मला मम्मी-पप्पांजवळच राहायचं होतं.

पप्पा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फिटर, शुक्रवारच्या सुट्टीसाठी दर गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. तक्ता बघून म्हणाले, "कीथला एकच ओळ?"

"मग काय लिहू? दर दोन वर्षांनी व्हिसाचं मेडिकल होतंच की."

"ते मेडिकल आपल्यासाठी नसतं, बाय. त्यात काही निघालं तर सरळ घरी पाठवतात."

"पप्पा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

त्यांना खोकला आला. पाणी प्यायले. "तुझ्या," म्हणाले.

"तो खोकला दाखवा आधी कुणाला," मम्मी आतून म्हणाली. "गावच्या सुट्टीवरून आल्यापासून चाललाय."

"फॅक्टरीची धूळ आहे, आग्नेस. खलास."

शुक्रवारच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये सभा. मी मस्त बोलले. कीथ अंकलच्या ओळीवर आल्यावर थांबले, आणि म्हणाले, "जी तपासणी होतेच, तीच मंडळाने पुन्हा कशाला करायची? एक्स-रेचा अल्बम करायचाय का?" हॉल हसला. कीथ अंकलही हसले.

घरटी एक मत, हात वर करून. पप्पांनी मॅक्सिम अंकलसाठी हात वर केला, मधेच तोंडावर नेला, पुन्हा वर केला. मॅक्सिम अंकल चार हातांनी जिंकले.

बाहेर पडताना कीथ अंकलनी पप्पांना गाठलं. "विल्सन, हरलो तरी माझा डॉक्टर आहेच. उद्याच चल."

"बघू, इन्शाल्ला."

गाडीत मम्मी म्हणाली, "जा ना."

"पोरीने सगळ्यांसमोर थट्टा केली त्याची. आता मीच कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी मागच्या सीटवर होते. 'जा पप्पा' एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण लोक अजून खिडकीतून माझं कौतुक करत होते.

एप्रिलमध्ये क्लास सुरू झाले. मेमध्ये पप्पांच्या व्हिसाचं मेडिकल झालं. एक्स-रेत टीबीचा डाग निघाला, बरेच महिने जुना. आधी कळलं असतं तर मेडिकलच्या आतच औषध घेऊन बरे झाले असते, असं कीथ अंकलचा डॉक्टर नंतर म्हणाला. व्हिसा रिन्यू झाला नाही.

मी क्लासला जेमतेम पाच आठवडे बसले. मग आम्ही तिघंही निघालो वसईला.

सामान बांधताना कपाटामागे तक्ता सापडला. मला तो फाडायचा होता. पप्पांनी हातातून घेतला, घडी घातली आणि काचेच्या बशांच्या खोक्यात तळाशी अंथरला.

"जाड आहे," म्हणाले. "बशा फुटणार नाहीत."