रेशमाचा पीळ

"पिळून बघ," म्हणत साउरिकने धनुष्याची दोरी बायकोच्या हातात दिली.

नुरिलाने पिळली. पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. हरणाच्या पायातल्या शिरा वळून तिनेच केलेली दोरी, आता उकडलेल्या आतड्यासारखी लोंबत होती.

बाहेर बोचरा पाऊस थांबत नव्हता. सकाळी खालच्या वस्तीतला घोडा एकटाच वर आला होता. खोगिराला स्वार बांधलेला होता, मुंडकं नव्हतं. झुंगार लुटारू येत होते. तरणे पुरुष कळपांमागे पल्याडच्या कुरणात. पावसात धनुष्य मुकं होतं हे झुंगारांना ठाऊक, म्हणून ते पावसातच यायचे, नुसते भाले घेऊन.

"म्हातारे, रेशीम असेल ना घरात? ते भिजून ढिलं पडत नाही."

"आहे की. लेकीच्या लग्नाच्या टोपीला."

उंच टोपी तंबूच्या भिंतीला टांगली होती. तिचे पांढरे गोंडे नुरिलाने हिवाळाभर ओवले होते.

लाकडाला शिंग चिकटवून केलेल्या धनुष्याच्या वरच्या पात्यावरून तिने अंगठा फिरवला. शिंगाखालची चीर जुन्या आवळपट्टीतूनही हाताला लागत होती. "शिरांची दोरी मऊ. बाण सुटला की हिसका आपल्या पोटात घालते. रेशीम हट्टी, ते काही पोटात घालत नाही. सगळा मार पात्यावर. हे फुटलं तर थेट तुझ्या तोंडावर येईल, म्हाताऱ्या."

"ह्या तोंडाचा आता कोण मुका घेणार आहे?"

"मेल्या, मस्करी सुचतेय?"

"बायकापोरं कड्यावर चढेपर्यंत पुरेल का, तेवढं सांग."

नुरिलाने चुलीत लाकूड सारलं. चुलीवर शिंग चिकटवायचा माशाचा सरस खदखदत होता.

"धनुष्य पुरेल," ती म्हणाली. "तू नाही पुरायचास."

दाराशी उभ्या लेकीने, ऐगानिमने, हे ऐकलं नव्हतं, शेवटचं तरी. तिने भिंतीवरची टोपी काढली, सुरीने गोंडे कापून आईपुढे धरले. "घे आपा. टोपी घालायला डोकं तर राहू दे." आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांना घेऊन ती तंबूमागच्या अरुंद वाटेने कड्याकडे निघाली.

साउरिक धनुष्य आगीवर हळूहळू शेकत बसला, तान्ह्याचं अंग शेकावं तसं. थंड शिंग वाकवलं की तडकतं. नुरिला रेशीम वळू लागली. ओठांवर गाणं आपोआप आलं:

वळ गं बोटा वळ, नको देऊ ढील,
ढिल्या दोरीपायी घर उघडं पडील.

घोडे तंबूसमोरच्या खिंडीच्या तोंडाशी आले. तंबूच्या दारात धनुष्य घेतलेला म्हातारा बघून पुढचा स्वार खदखदून हसला. बाण त्याच्या उघड्या तोंडातून शिरून मानेतून निघाला. दुसरा घोड्याच्या छातीत. घोडा कोसळला, खाली सापडलेल्या स्वाराची मांडी काटकीसारखी मोडली, आणि मागचे घोडे त्याला तुडवतच पुढे आले. रेशीम गात होतं. चिखल लाल झाला.

बाण हाती देताना नुरिलाला ते ऐकू आलं. गोठलेल्या तळ्यावर पाऊल पडावं तसा पात्यातला बारीक कडकडाट.

"बस झालं, उतरव दोरी!"

साउरिकने वळून कड्याकडे पाहिलं. ऐगानिमचा तांबडा अंगरखा अजून शेवटच्या टप्प्याखाली होता. पाठीवर कुणाचं तरी पोर.

"अजून एक," तो म्हणाला, आणि कानापर्यंत ओढली.

बाण गेला. पातं फुटलं. शिंगाची कपची डोळ्याखालून आत घुसली. साउरिक दमलेला माणूस बसतो तसा खाली बसला आणि कलंडला.

दारातून एक झुंगार वाकून आत आला. नुरिलाने उकळता सरस त्याच्या तोंडावर फेकला. कातडी सरसासकट सोलत तो किंचाळत राहिला. तिने कुऱ्हाड उचलली आणि ते किंचाळणं थांबेपर्यंत घातली. बाकीचे बाहेर घुटमळले. पावसात गाणारी आणखी किती धनुष्यं आत आहेत कोण जाणे, म्हणून त्यांनी घोडे माघारी वळवले.

पुरताना रिवाजाप्रमाणे मेलेल्याचं धनुष्य मोडून थडग्यावर टांगायचं असतं. मोडायला काही उरलं नव्हतं. नुरिलाने फक्त दोरी सोडवून घेतली.

वसंतात सोयरे यायचे होते. ओढ्यावर बसून तिने दोरीचा पीळ उलगडला, धागे धुतले, पुन्हा धुतले, टोपीला गोंडे शिवले. पण ते सरळ लोंबेनात. नुरिला तळहात ओला करी, गोंडा हलकेच सरळ करी आणि सोडी. तो परत वळून बसे.

"राहू दे आपा," ऐगानिम म्हणाली. "असेच राहू देत."