शब्दाचे शेपूट

बर्टिनाने रानचेरीची ओंजळभर फळे सपाट दगडावर ओतली आणि हातातला गोल दगड त्यांवर आपटला. बिया करकरल्या. जांभळा रस तिच्या मनगटापर्यंत उडाला.

"आजी, तो दगड जरा थांबव ना," लरेना म्हणाली. "आजोबा ऐकू येत नाहीयेत."

"दगड थांबला तर उद्या दीडशे माणसांना गोड काय वाढायचं? आजोबांचा आवाज?"

तरी तिने दगड बाजूला ठेवला. लरेना तिच्या बहिणीची, यूलाची नात. यूला जाऊन बरीच वर्षे झाली. यूलाचा नवरा लिअँडर गेला त्याला उद्या वर्ष होत होते. दुपारी नदीकाठच्या सभागृहात त्याच्या नावाचे जेवण होते, आलेल्यांना घोंगड्या वाटायच्या होत्या, आणि जेवणाआधी गावातली मुले त्याच्याच आवाजामागून त्यांच्या शायेन जमातीच्या भाषेतले शब्द म्हणणार होती. ही कल्पना लरेनाची. ती बिलिंग्ज शहरात वाढलेली. मागच्या हिवाळ्यात गावच्या शाळेत शिकवायला आली आणि लिअँडरच्या कपाटात तिला एक कॅसेट सापडली, बावीस वर्षांपूर्वीची.

"टेप इतकी वाळली होती की एकदाच वाजली आणि तुटली," ती यंत्राची बटणे दाबत म्हणाली. "पण तेवढ्यात शहरातल्या एका माणसाने ती या यंत्रात उतरवून घेतली. मागची सगळी खरखर काढून टाकली. ऐक आता, काचेसारखं स्वच्छ आहे."

लिअँडर बोलू लागला. तोच आवाज, छातीतून येणारा, जरासा नाकात. याच स्वयंपाकघरात, याच टेबलापाशी बसून तो बोलला होता. बर्टिनाला आठवत होते, त्या दिवशी चुलीवर किटली होती आणि बाहेर यूला कुत्र्यावर ओरडत होती. आता ना किटली, ना यूला. मेल्यावरच कुठेतरी बसून बोलावे तसा तो बोलत होता.

"होताम," तो म्हणाला. कुत्रा.

बर्टिनाने मान तिरकी केली. आणखी शब्द आले. मग कासवाची एक छोटी गोष्ट आली, आणि तिच्या शेवटी त्याचा नेहमीचा शब्द: झाली बाबा गोष्ट, एवढीच होती.

"हेनाहाने."

"हे," बर्टिनाचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?"

"मी? काही नाही." तिने फडक्याला हात पुसले. "शेपूट कापलंय त्याने."

"कोणाचं?"

"शब्दांचं. तुझ्या त्या काचवाल्या माणसाने."

शायेन बोलताना शब्दाचे शेवटचे अक्षर आवाजात म्हणत नाहीत, नुसत्या श्वासावर सोडून देतात. जवळ बसलेल्याला ते ऐकू येते, दाराबाहेरच्याला नाही. शहरातल्या माणसाला ती खरखर वाटली. किटलीच्या वाफेबरोबर त्याने तेही, गोष्टीच्या शेवटच्या शब्दातले 'हे'सुद्धा, पुसून काढले होते.

लरेनाने तो शब्द मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिचा चेहरा उतरत गेला.

"महिनाभर मी हेच घोकतेय. मुलांकडूनही हेच घोकून घेतलं." ती खुर्चीत बसली. "सोमवारपासून वर्गात हेच लावणार होते. छत्तीस मुलं आहेत, आजी. ती असंच तोडून बोलणार, मग त्यांची मुलंही..."

"क्लेमंटला विचार. त्याची भाषा पक्की आहे."

"क्लेमंट आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हापासून ते सगळंच ओरडून बोलतात."

"हो, तेही खरंच. त्याच्याकडे कुत्र्याचं शेपूट मागशील तर घोड्याचं देईल."

लरेना हसली नाही. "तू म्हण ना. एकदाच. काय राहिलंय ते तुला कळलं, म्हणजे तुला येतं."

"मला कुठे येतंय?" बर्टिना म्हणाली आणि तिने दगड उचलला.

साठ वर्षे ती हेच म्हणत आली होती. सात वर्षांची असताना तिला वसतिगृहाच्या शाळेत नेऊन ठेवले. तिथे घरची भाषा बोलायची नाही, फक्त इंग्रजी, असा दंडक होता. कपडे धुण्याच्या खोलीत वाफ इतकी दाट असे, की देखरेखीच्या बाईला मुलींचे चेहरे दिसत नसत. तेवढ्या एका जागी मुली कुजबुजत. आवाज म्हणून काढायचा नाही. पकडले गेले की हातातलीच साबणाची वडी तोंडात. बर्टिना तीनदा पकडली गेली. पुढे सुट्टीत घरी आली, आईला हाक मारायला तिने तोंड उघडले, तर नुसती हवा बाहेर आली. इंग्रजीत ती भांडे, हसे, गाणीही म्हणे. या भाषेत मात्र घसा मिटून जाई. लोकांना सांगायचे तरी काय? येत नाही म्हणणे सोपे होते.

लिअँडर त्याच शाळेतून दोनदा पळाला होता आणि दुसऱ्या खेपेला कोणाला सापडलाच नाही. त्याचा आवाज शाबूत राहिला. म्हातारपणी हिवाळा लागला की तो या टेबलापाशी पोरांना शिकवायला बसे, आणि बर्टिना त्यांच्याकडे पाठ करून चुलीशी उभी राही. भावोजींनी मेहुणीची टर उडवायची हा तर रिवाजच. न उडवली तर लोक विचारायचे, तुमचे काही बिनसले का?

"मेहुणीबाई, चिमूटभर पीठ द्या."

"काल दिलं ते कुठे गेलं?"

"उडालं. पोरांनी शब्द नीट म्हटले."

तो एकेका पोराच्या तळव्यावर पीठ ठेवी. तळवा ओठांसमोर धरायचा आणि शब्द म्हणायचा. शेवटाला पीठ उडाले तर शब्द पुरा झाला. नाही उडाले तर शेपूट आतच राहिले. आणि मग, बर्टिनाला नेमके ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, तो पोरांना सांगे, "तुमच्या या आजीची पाठ बघा. ती कॉफीवर फुंकर घालतेय असं वाटतं ना? फसू नका. मी अर्धा शब्द बोलतो, उरलेला ती बोलते."

"शिकवा मुकाट्याने," बर्टिना म्हणे, आणि तिचे कान तापत.

लरेना यंत्र उचलून कधी निघून गेली, ते तिला कळलेही नाही. दगडावरच्या बियांचे केव्हाच पीठ झाले होते.

दुसऱ्या दिवशी सभागृहात उकडलेल्या मांसाचा वास भरून राहिला होता. प्रत्येक पदार्थाचा घास ताटलीत काढून गेलेल्यांसाठी बाहेर झाडाखाली ठेवला गेला. लरेना सकाळपासून म्हणत होती, शब्दांचे राहू द्या. पण लोक लांबलांबून लिअँडरचा आवाज ऐकायला आले होते. शेवटी तिने मुलांना ओळीत उभे केले आणि बटण दाबले.

"होताम," लिअँडर म्हणाला.

"होताम," मुले एका सुरात म्हणाली.

म्हातारी माणसे कौतुकाने हसली. काहींचे हसू अर्ध्यावरच थांबले.

"काय म्हणाली पोरं?" कानाशी हात धरून क्लेमंट गरजला.

"कुत्रा म्हणाली, आजोबा," लरेना त्याच्या कानाशी वाकून म्हणाली.

"हे कुठलं कुत्रं?"

लोक हसले. मुलेही हसली, कशाला ते न कळताच. लरेना मात्र यंत्राकडे बघत उभी राहिली.

मागच्या टेबलापाशी बर्टिना तळायच्या भाकरीचे पीठ मळत होती. तिने आपल्या हातांकडे पाहिले. मग कोरड्या पिठाचा वाडगा उचलला आणि खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढे आली. तिने प्रत्येक मुलाच्या तळव्यावर चिमूट चिमूट पीठ ठेवले.

"खायचं?" एकाने विचारले.

"खाल्लंस तर बघ."

"पीठ!" क्लेमंट ओरडला. मग त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तो गप्प झाला. क्लेमंट गप्प झाला म्हणून सगळेच गप्प झाले.

ओळीच्या टोकाला जोली उभी होती, सहा वर्षांची, निळ्या झग्यातली. बर्टिना तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने मुलीचा तळवा आपल्या ओठांसमोर धरला आणि तोंड उघडले. घसा मिटला, नेहमीसारखाच. सभागृहात कोणीतरी खोकले. जिभेवर साबणाची चव आली.

तिने लरेनाकडे पाहिले.

"त्याला म्हणू दे," ती म्हणाली. "तो एवढा एकच शब्द."

लरेनाने बटण दाबले.

"होताम," लिअँडर म्हणाला, आणि उरलेले बर्टिनाने सोडून दिले.

पीठ उडाले. जोलीच्या नाकावर बसले, झग्यावर बसले. ती आधी यंत्राकडे बघत राहिली, मग आजीकडे. मग रिकामा तळवा तिने पुन्हा पुढे केला.

बर्टिनाने वाडगा छातीशी धरला.

"आत्ता दिलं ते कुठे गेलं?"

"उडालं," जोली म्हणाली.