चौरंगाचा मूळ रंग

गणपती उद्या यायचा होता आणि श्रुतिकाने आजच चौरंगाचं वाटोळं करून ठेवलं होतं.

नारकरांचा गणपती आजवर मालाडला, थोरल्या जाऊबाई द्रौपदीताईंकडे बसायचा. यंदा पहिल्यांदाच पाळी वाकोल्याला, तिच्या नवऱ्याकडे, धाकट्या सुयोगकडे आली. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला चौरंग देताना द्रौपदीताईंनी बजावलं होतं, जपला नाहीत तर पुढच्या वर्षीपासून पाळी बंद. आणि या बाईने मोदकांची तालीम करताना वाफाळतं मोदकपात्र नेमकं त्याच्यावरच टेकवलं! उचललं तर काळ्याभोर पॉलिशवर ताटलीएवढा पांढराफटक डाग.

"वाट लागली!" सुयोग म्हणाला. "वहिनी संध्याकाळी येतायत. कापड घाल ना वर."

"लपवाछपवी नको. थांब रे जरा."

जुन्या खुर्च्यांना पॉलिश करायचा तिला भारी नाद, त्यामुळे स्पिरिट आणि चपडी लाख घरात होतीच. कापसाची पुरचुंडी स्पिरिटने जेमतेम ओलवून तिने डागावरून फिरवली. पॉलिशमध्ये शिरलेली ओल उडाली, पांढरेपणा विरला. पण उत्साहात हात जरा जास्तच फिरला आणि पुरचुंडी काळी झाली. खाली मधाच्या रंगाचं सागवान!

"सुयोग, बघ ना! हा काळा नाहीच आहे!"

मधेच सोनेरी आणि भोवती काळा चौरंग कुणाला दाखवणार? आता सगळाच उजळण्यावाचून सुटका नव्हती, आणि खरं तर तिला थांबायचंही नव्हतं. थरामागून थर निघाले. लाकडाच्या रेषा दिसू लागल्या तशी ती खुदकन हसली. एका कोपऱ्यात जळल्याचा जुना चट्टा निघाला. तो तिने घासला, रंग जुळवून बुजवला. मग लाखेचे पातळ हात दिले. समोरून चौरंग असा झळाळला की सुयोग बघतच राहिला.

तेवढ्यात द्रौपदीताई दारात.

"ह्यो कोणाचो चौरंग?"

"आपलाच, ताई. माझ्याकडून डाग पडला, तो काढताना…"

ताई खाली बसल्या. त्यांचं बोट थेट त्या बुजवलेल्या कोपऱ्यावर गेलं. डोळे भरून आले.

"मामंजींनी केलेलो तेव्हा असोच होतो गो. माझ्या पहिल्याच गणपतीक समई कलंडली. कोणाक कळू नये म्हणून दरवर्षी काळो हात मारीत रवलंय."

ताईंनी डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला.

"मागचो पाय अजून काळोच आसा. दी ती पुरचुंडी माका."